शेरडीनं खाल्लेला पाव

माझा राग नाकाच्या शेंड्यावर. लग्न होऊन मुळशीतल्या त्या वाडीत आले तेव्हा यजमान मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि मी मिशनच्या बोर्डिंगात शिकलेली, त्यामुळे थोडी घमेंडही होती. तिकडे धरणाचं काम चालू होतं. सुरुंगांचे आवाज आमच्यापर्यंत यायचे आणि त्यांच्या खालोखाल मोठा आवाज माझाच, असं यजमान म्हणायचे.

वाडीत ख्रिस्ती घरं चार. आम्ही सगळे मूळचे गावकुसाबाहेरचे. आम्ही देव बदलला तरी गावानं विटाळ सोडला नव्हता. घरामागच्या माळावर एक धनगरीण राहायची, माझ्या आईच्या वयाची. ताक मागितलं तर ती कधी नाही म्हणाली नाही, पण आमचं गाडगं खाली ठेवायला लावून वरून ओतायची. भाकर द्यायची झाली तर वरूनच पदरात टाकायची. त्यात तिला काही वावगं वाटत नसे, आणि माझ्या सासूबाईंनाही नाही. त्यांचा सारा जन्म तसाच गेला होता. मला मात्र चीड यायची आणि ती मी तिच्या शेरडांवर काढायची. शेरडंही काही गुणाची नव्हती. माझ्या वालाच्या वेलाला त्यांनी एक शेंग म्हणून धरू दिली नाही.

पावसाळ्यात ओढे भरले की पुण्याचे पाळकसाहेब चार-पाच महिने येऊ शकत नसत. भातं कापून झाली की ते येत आणि मग प्रभुभोजन होई, म्हणजे प्रभू येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एकाच पावाचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घ्यायचा. सासूबाई त्याची डोळ्यांत प्राण आणून वाट पाहायच्या. त्या वर्षी तर फारच. भर पावसात त्यांना तापानं धरलं होतं. बऱ्या झाल्यावर म्हणाल्या, "देवानं ठिवलं मला. त्याच्या मेजावर बसून त्याचं उपकार मानीन, मंग नेऊ दे."

पाळकसाहेब शनिवारी संध्याकाळी बैलगाडीतून आले. बरोबर द्राक्षरसाची बाटली आणि पुण्याहून आणलेला पाव. शाळेची खोली हेच आमचं देऊळ. रविवारी सकाळी मी ती झाडली, टेबलावर पांढरं फडकं घातलं, पाव ठेवला आणि पाणी आणायला गेले. परत येऊन बघते तर टेबलावर शेरडी! पाव संपला होता, आता फडक्याचं टोक चाललं होतं.

मी जी ओरडले! धनगरीण धावत आली. मी तिला नाही नाही ते बोलले आणि शेवटी म्हणाले, "तुझ्या सगळ्या शेरडांना वाघ नेवो!" त्याच वर्षी उन्हाळ्यात वाघानं तिची दोन करडं नेली होती. ती शेरडीचा कान धरून निघून गेली.

दाराला कडी लावायला मीच विसरले होते. हे मला बोलता बोलताच कळलं होतं, म्हणून तर मी जास्तच ओरडले.

सासूबाई रडवेल्या झाल्या. पावाबिगर प्रभुभोजन कसं हुईल, असं पुन्हा पुन्हा विचारू लागल्या. पाळकसाहेब मात्र हसत होते. "आजी, प्रभूनं पुण्याची बेकरी कधी पाहिली होती? घरात पीठ आहे ना? भाकर चालेल."

मी चुलीकडे वळले, तशी सासूबाईंनी माझा हात धरला. "त्या बाईला आसं बोललीस आन् त्याच हातानं प्रभूची भाकर थापतीस? आदी जा, तिची माफी माग."

"मी नाही जाणार. पाव तिच्या शेरडीनं खाल्ला."

"मंग मी बी घेत न्हाई प्रभुभोजन," त्या म्हणाल्या आणि भिंतीला टेकून बसल्या.

पाच महिने वाट पाहिलेली, मरणाच्या दारातून परत आलेली म्हातारी, आणि ती माझ्या हट्टापायी उपाशी राहणार! मी पाय आपटत निघाले, पण माळ चढता चढता ते आपटेनासे झाले. देवा, तोंड मी उघडते, शब्द तू घाल, एवढंच पुटपुटले.

खोपटाशी पोचले तर ती बाहेरच पडत होती. हातात नाचणीची गरम भाकर, फडक्यात गुंडाळलेली.

"तुमच्याकडंच निगाले व्हते, मास्तरीणबाई," ती म्हणाली. "माझ्या शेरडीनं तुमच्या देवाची भाकर खाल्ली. ही घ्या. चालती का नाचणीची त्याला?"

"कडी मी लावली नव्हती," मी म्हणाले. "चूक माझी. आणि ते वाघाचं जे बोलले..." पुढं मला रडूच फुटलं.

"कडीचं ठावं हाय मला. शेरडी काय कडी काढती व्हय?"

मी सवयीनं पदर पसरला. ती थांबली, माझ्याकडं बघितलं आणि तिला हसू आलं. "शेरडीनं तुमच्या देवाच्या ताटातलं खाल्लं. सांच्याला तिचं दूध मी पिनार. आता इटाळ कुटं ऱ्हायला?" असं म्हणून तिनं भाकर माझ्या हातात ठेवली. तिची बोटं माझ्या तळव्याला लागली.

उतारावरून मी लहान मुलीसारखी धावत आले. चारी घरची माणसं शाळेत जमली होती. फडक्याचं कुरतडलेलं टोक यजमानांनी टेबलाखाली दुमडून टाकलं होतं आणि गीत म्हणताना त्यांचं लक्ष तिकडे गेलं की त्यांना हसू आवरत नव्हतं. मलाही नाही. इतक्या आनंदानं मी त्याआधी कधी गायले नव्हते.

पाळकसाहेबांनी भाकर मोडून एकेकाच्या हातावर तुकडा ठेवला. सासूबाईंनी आपला तुकडा तोंडात न घालता माझ्या कानाशी तोंड आणलं.

"वरनं टाकली का गं तिनं?"

"नाही, आत्याबाई. हातात दिली."

"हातात?"

"माझ्या हातात."

त्यांनी तो तुकडा बराच वेळ न्याहाळला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या हसत होत्या. "लई दयाळू हाय गं देव," म्हणाल्या, आणि मग तो तोंडात घातला. त्यांना दात नव्हते आणि भाकर नाचणीची. त्यांचं चावून होईपर्यंत पाळकसाहेब पुढची प्रार्थना न करता थांबून राहिले.