‘ये’ म्हणायचं राहिलं

आम्ही दोघांनी मिळून केलेली शेवटची साधी गोष्ट म्हणजे सिनेमा अर्धा टाकून बाहेर येणं. तेही माझ्यामुळं.

स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली असतील. मी हावड्याच्या एका कारखान्यात लेथवर होतो. हिच्या पोटात गाठ निघाली होती, सोमवारी ऑपरेशन ठरलेलं. रविवारी दुपारी म्हणाली, "अहो, एक सिनेमा दाखवा." बोटीनं नदीपलीकडं कलकत्त्याला गेलो. सिनेमा बंगाली. शेजारणींमुळं तिला ती भाषा यायची, मला कामापुरती.

सिनेमातले नवरा-बायको नाटकात काम करणारे. घरात दोघांचा अबोला, आणि नाटकातही व्हायचं नवरा-बायकोच. नाटकातली बायको आजारी असते, माहेरी निघते. दारात म्हणते, "आशी."

ही माझ्या कानाशी लागली. "म्हणजे येते. आपल्यासारखंच की हो! जाते म्हणत नाहीत. आता तो एशो म्हणेल, म्हणजे ये."

तो म्हणेना. विंगेतून प्रॉम्प्टर शब्द पुरवतोय, तरी हा ढिम्म. सिनेमातल्या नाटकाच्या प्रेक्षकांना वाटलं, काय काम करतोय! टाळ्याच टाळ्या.

"बोल की रे मेल्या," ही पुटपुटली.

माझा जीव थाऱ्यावर नव्हता. ढेकूण चावल्यासारखा खुर्चीत हलत होतो. डोक्यात सोमवार. "चल, बोट चुकेल," म्हणालो आणि हात धरून उठवलंच तिला.

"अहो, तो बोलतो का तेवढं तरी बघू."

"नाही बोलला म्हणून कोण मरतंय?"

असं बोललो मी. बोटीतून उतरताना ती म्हणाली, "बोलला असेल हो शेवटी."

सोमवारी इस्पितळात आतल्या दाराशी ती वळली. "येते हं." नर्स घाई करत होती. "जा, जा लवकर," म्हणालो. निघालेल्या माणसाला 'जा' म्हणून मी कधी आयुष्यात बोललो नव्हतो. ती थांबली जराशी. हसली, की वाट बघत होती? अजून ठरत नाही माझं. दुपारी ऑपरेशनच्या टेबलावरच गेली.

संध्याकाळी घाटावर सगळं उरकलं. मंगळवारी सकाळी घरात बसवेना. पहिल्या बोटीनं नदी ओलांडून थिएटर गाठलं. बिहारी दारवान फाटक पुसत होता. त्याला हिंदीत विचारलं, नाटकातला नवरा शेवटी बोलतो का?

"बोलता है, बाबू. उसके जाने के बाद."

माझ्या तोंडून निघून गेलं, "ये."

"ये? ये क्या, बाबू?" म्हणत तो माझ्या हाताकडं बघायला लागला.

मी पुन्हा म्हणालो. या वेळी मोठ्यानं.