‘मी’ म्हणायची तालीम

“आपण केलं ते.”

कुणी काहीही विचारा, आमच्या शेजाऱ्याचं उत्तर हेच. सोसायटीचा पंप कुणी दुरुस्त केला? आपण. पोहे छान झालेत, कुणी केले? आपण, आणि वहिनी आत्ता कुठे बाहेरून येऊन चपला काढताहेत. मुलुंडला आम्ही एकाच मजल्यावर राहायचो आणि अंधेरीच्या एका कंपनीत एकाच टीममध्ये कोड लिहायचो. टीममधलं अवघड काम तो करायचा आणि श्रेय सगळ्यांना वाटून टाकायचा, अगदी सुट्टीवर असलेल्यांनाही. असे लोक तुमच्याही ओळखीत असतील. सोबत काम करायला झकास, मुलाखतीला नापास.

ते ऑफिस बंद पडलं तेव्हा त्याने पंचेचाळिशी ओलांडली होती. मला लगेच दुसरीकडे नोकरी लागली. त्याची मुलगी बारावीत, घरात कमावणारा हा एकटा, आणि प्रत्येक मुलाखतीनंतर एकच निरोप: अनुभव भरपूर, पण यांनी स्वतः काय केलं ते कळत नाही.

“कसं कळणार? सगळीकडे ‘वी’, ‘वी’! ‘आय’ म्हण ना रे,” मी म्हटलं.

“अगं, एकट्याने कुणी केलंय का? खोटं कशाला बोलायचं?”

मग तालीम सुरू झाली. मी साहेब व्हायचे. तो ‘वी’ म्हणाला की वहिनी ताटलीवर चमचा वाजवायच्या. पहिल्या रविवारी एवढा दणका उडाला की खालच्या काकू आरती कसली म्हणून विचारायला आल्या. हळूहळू चमचा शांत झाला.

पुढची मुलाखत घरूनच, लॅपटॉपवर होती. मी आणि वहिनी स्वयंपाकघरात कान लावून बसलो. गडी ‘आय’, ‘आय’ करत मस्त चालला होता. शेवटी पलीकडच्या मॅडमनी सर्वांत मोठी चूक विचारली. त्याने आमची पेमेंट सिस्टीम बंद पडल्याची गोष्ट सांगितली. चूक कुणाची होती?

“आय. माय मिस्टेक.”

“वाट लागली!” वहिनी पुटपुटल्या. ती चूक अख्ख्या टीमची होती.

तो खुशीत बाहेर आला. “बघ, किती साफ ‘आय’ म्हटलं!”

“अरे, नेमकं तिथेच ‘वी’ म्हणायचं होतं!”

“असं होय? आधी सांगायचं ना!”

मॅडमना तेच उत्तर आवडलं म्हणे. नोकरी मिळाली, पण हैदराबादला. मुलीची परीक्षा संपली आणि घराला कुलूप लागलं.

हल्ली आमच्या कंपनीत मुलाखती मी घेते. येणारा प्रत्येक जण सगळं एकट्याने करून आलेला असतो. मग मी चुकीबद्दल विचारते, आणि त्याला अचानक आपली टीम आठवते. तेव्हा मला आमच्या या शेजाऱ्याची फार आठवण येते, आणि समोरच्याला मी उगाचच नापास करते.