तंबाखूऐवजी सुपारी

दादाची तंबाखू मी सोडवली, हे मी कित्येक वर्षं अभिमानानं सांगत आले. दादा सैन्यातून निवृत्त होऊन मलकापुरात आमच्या शेजारी राहायला आला, तेव्हा त्याच्या खिशात तंबाखू-चुन्याची डबी कायम असायची. मला अर्धवट कामं चालत नाहीत. मी वहीत तक्ता आखला, दररोज एकेक चिमूट कमी केली आणि तोंड रिकामं राहू नये म्हणून सुपारी दिली. मीच ती बारीक कातरायची, तुपावर परतायची, दर रविवारी डबा भरून द्यायची.

तंबाखू सुटली. सुपारी राहिली.

मग जेवताना दादा पाणी मागायला लागला.

"लय तिखट झालंय गं कालवण."

"पलटणीत मिरच्या चावून खायचास की."

"तवा दात माझं हुतं, जीभ सरकारची हुती."

मी त्याचं कालवण वेगळं काढायला लागले. पुढं मोठा घास जाईना, तर भाकरी दुधात कुस्करून दिली. नेहमीचा चमचा आत जाईना, तर लहान चमचा आणला. प्रत्येक अडचणीवर माझ्याकडं उपाय तयार होता. त्याच्या तोंडात डोकावून बघावं, एवढं मात्र सुचलं नाही.

शेवटी दाढ दुखायला लागली. दाताच्या डॉक्टरांना आरसा आत घालता येईना, त्यांनी मिरजेला पाठवलं. तिथं गालाचा तुकडा तपासायला घेतला. अहवालात कर्करोग निघाला. सुरुवातीचा होता, पण होता.

तिथल्या डॉक्टरबाईंनी कागदावर रेघा ओढून समजावलं. गालाच्या आतल्या कातडीखाली कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात, गालाला आधार देणारे. सुपारीनं ते वाढत जातात, झिजायचे तेवढे झिजत नाहीत. गाल आतून आखडतो, एरवी तीन बोटं उभी मावतात तेवढं तोंड उघडत नाही. वर पांढरा चट्टा दिसतो, तिथं केराटिन साठतं. आपल्या नखात असतं तेच प्रथिन. अशा गालात पुढं कर्करोग व्हायचा धोका वाढतो.

"सुपारी कधीपासून?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "पलटणीतच लागली, बाई."

त्यांनी ते लिहून घेतलं. मी फाईल उचलून उठले.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "खोटं कशाला बोललास?"

"तुझं त्वांड बघवंना. आता आपरेशनला तूच हायस माझ्याबरोबर. उगा रडत बसलीस तर माझी पेज कोण करणार?"

त्याला रक्त तपासायला नेलं तेव्हा मी परत आत गेले आणि सगळं सांगितलं. बाईंनी आधीचं खोडलं, वर्षं विचारून नवीन लिहिलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "अशी सुपारी आणखी कुणाला देता?"

गल्लीतल्या दोघींची दात घासायची तंबाखूची मिश्री मी याच पद्धतीनं सोडवली होती. त्यांचेही डबे मीच भरत होते.

घरी आल्यावर चपलाही न काढता मी त्या दोघींपैकी पहिलीच्या दारात गेले. ती म्हणाली, "आवं ताई, दादांचं काय म्हणाले डॉक्टर?"

"सांगते," मी म्हटलं. "आधी उजेडात या आणि तोंड उघडा."

तिनं उघडलं. दोन बोटांपलीकडं उघडलं नाही.