ओदेलूची दवंडी

गोदावरीकाठच्या आमच्या गावात सरकार यायचं ते ओदेलूच्या डप्पूतून, म्हणजे हलगीतून. माझ्या किराणा दुकानासमोरच्या कडुनिंबाखाली तो मूठभर पेंढा पेटवायचा, डप्पूचं कातडं त्यावर धरून तापवायचा, टिचकी मारून बघायचा आणि मग तीन थापा. "ऐका हो ऐका!" रेशनचा तांदूळ आला, जनावरांना लस टोचणार, मतदान कधी, सगळं त्याच्याच तोंडून. तहसील कचेरीत त्याला कोणी कधी 'बस' म्हटलं नाही. गावात मात्र त्याला सगळे 'आमचं सरकार' म्हणत आणि बोलावून बिडी देत.

गावात कोणी गेलं की तिरडीपुढे हाच डप्पू वाजायचा. त्यामुळे या कातड्याला खोटं बोलता येत नाही, असं म्हाताऱ्या माणसांचं ठाम मत होतं. नदीकडच्या शेवटच्या गल्लीतली कोळ्यांची बुच्चव्वा तर मोतीबिंदूने जवळजवळ आंधळी झालेली, तिचं जग डप्पूवरच चालायचं. काठी टेकत दुकानाशी यायची आणि विचारायची, "काय पोरा, काय म्हणतंय तुझं सरकार?"

"म्हणतंय, म्हातारीला लवकर उचला, पेन्शन परवडत नाही."

"जाईन की. पण माझ्यापुढे वाजवायला तूच लागशील, सांगून ठेवते." आणि कनवटीची भाजलेल्या मक्याची मूठ त्याच्या हातावर ठेवायची.

मागच्या वर्षी भात कापणीला आलं तेव्हा नव्या बंधाऱ्याचं पाणी शेतात चढणार अशी कुजबुज सुरू झाली. तहसीलदारांनी ओदेलूला बोलावून घेतलं आणि दवंडी द्यायला सांगितली: पीक घरात येईपर्यंत पाणी अडवणार नाही, निवांत कापा. ओदेलूने गल्लीगल्लीत तसं सांगितलं. लोक निवांत राहिले. आठवडा झाला नसेल, पाणी अडवलं आणि उभं भात पाण्याखाली गेलं.

तहसीलदारांची बदली झाली. मग खापर कोणाच्या डोक्यावर फोडायचं? गावाला ओदेलू सापडला. माझ्याच ओट्यावर नरसय्याने त्याची गचांडी धरली. "माझं भात तुझ्या डप्पूनं खाल्लं! किती चारलं रे तुला कचेरीनं?" इतर लोक बघत राहिले. मी मधे पडले, चार शिव्या मीही खाल्ल्या आणि आठ परत दिल्या. ओदेलूने घरी जाऊन डप्पू खुंटीला टांगला आणि कचेरीत सांगून आला, सरकारचा शब्द यापुढे मी वाहणार नाही.

कचेरीचं काय अडतंय? त्यांनी भोंगा लावलेली जीप पाठवायला सुरुवात केली. त्याच भोंग्यातून आदल्या दिवशी साड्यांचा सेल, दुसऱ्या दिवशी सरकार. आवाजही त्याच पोराचा. लोक जेवता जेवता हसायचे.

यंदा श्रावणात पाऊस थांबेना. एका संध्याकाळी जीप ओरडत आली: वरचं धरण भरलंय, पाणी सोडणार, उजाडायच्या आत सगळ्यांनी टेकडीवरच्या शाळेत जावं. जीप वळून निघूनही गेली. नरसय्या म्हणाला, "मागच्या वेळी राहा म्हणाले तेव्हा बुडालो. आता जा म्हणतायत, म्हणजे राहायला हरकत नाही." सगळे हसले. तरी मनातून धास्ती होतीच, कारण एकेक जण कसलंसं निमित्त काढून ओदेलूच्या दारावरून जाऊन आला. डप्पू खुंटीलाच होता. मग लोकांनी दारं लावून घेतली.

बुच्चव्वा मात्र थेट त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. मीही तिथेच होते.

"पोरा, खरं का रे हे?"

"मला काय ठाऊक, अव्वा. मला विचारू नको. मी आता कोणाचं तोंड नाही."

"बरं. मग तू वाजवशील तेव्हा निघेन."

ती गेल्यावर तो उंबऱ्यावर बसला. मी म्हटलं, "वाजव की रे बाबा."

"आणि नाही आलं पाणी, अक्का? मग परत माझीच गचांडी." त्याचं काय चुकलं, ते मला आजही सांगता येत नाही.

फटफटायच्या वेळेला तो धावत दुकानाशी आला. नदीचा रंग बदलला होता, घाटावरची चिंच निम्मी पाण्यात होती. काखेत डप्पू होता. पण कित्येक महिने न तापलेलं, पावसाळी हवेत सादळलेलं कातडं. थाप मारली तर ओल्या गोणपाटासारखा आवाज. पेंढा सगळा भिजलेला. मी दुकानातले पुठ्ठे फाडून दिले, रॉकेल ओतलं. नुसता धूर झाला. ओदेलू कातड्यावर बुक्क्या मारत होता आणि रडत होता. शेवटी मी विकायला ठेवलेलं स्टीलचं ताट आणि पळी त्याच्या हातात कोंबली. "हे बडव. पळ!"

तो पळाला. वरच्या गल्ल्यांतल्या लोकांनी दारातून त्याचं तोंड पाहिलं आणि पोरंबाळं घेऊन निघाले. नरसय्यानेही म्हैस सोडली. पण आमच्याकडे सकाळी सकाळी ताटं बडवतात ती मक्यावर आलेली माकडं हाकलायला. खालच्या गल्लीत लांबून नुसतं ताटच ऐकू येत होतं. तिथे बुच्चव्वाची सून सम्मक्का तिला ओढत होती, "आत्याबाई, चला, काहीतरी वाजतंय!"

"अगं, माकडं आली असतील कोणाच्या मक्यात. हा काय डप्पू आहे? तू पोरांना घेऊन हो पुढे. ओदेलू वाजवेल तेव्हा येते मी."

सम्मक्का पोरांना शाळेत सोडून परत फिरली, तोवर गल्लीच्या तोंडाशी कमरेएवढं पाणी होतं. ओदेलू त्यात उतरून ताट बडवत बुच्चव्वाच्या नावाने ओरडत होता. गावातल्या दोघांनी त्याला बखोटीला धरून बाहेर काढलं.

पाणी उतरल्यावर बुच्चव्वा तिच्याच घरात सापडली. त्या दिवशी ऊन पडलं होतं. ओदेलूने कडुनिंबाखाली डप्पू तापवला, बराच वेळ तापवला. पहिली थाप पडली आणि टेकडीवरची शाळा रिकामी झाली. एकूण एक माणूस खाली आला. त्या पहाटे हीच थाप हवी होती, असं सगळ्यांच्या मनात होतं आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

नवे तहसीलदार हार घेऊन आले होते. ओदेलूला बाजूला घेऊन म्हणाले, "उद्या नुकसानीच्या पंचनाम्याची दवंडी द्यावी लागेल. जीपचं लोक ऐकत नाहीत." माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "साहेब, निदान तिला जाळून तरी होऊ द्या." ओदेलू वाजवत पुढे गेला.

आमच्याकडे अर्ध्या वाटेवर तिरडी खाली ठेवतात आणि घरचा पुरुष मेलेल्याच्या कानात तीनदा हाक मारतो. जीव कुठे अडकला असेल तर ऐकेल म्हणून. बुच्चव्वाचा मुलगा कधीच वारलेला, नातू अगदी लहान. हाक कोणी मारायची? सम्मक्काने ओदेलूकडे पाहिलं.

त्याने डप्पू खाली ठेवला, गुडघे टेकले आणि म्हातारीच्या कानाशी तोंड नेलं. तो तिचं नाव घेईल असं मला वाटलं होतं.

"ऐक हो अव्वा, ऐक," तो हळू म्हणाला. "पाणी येतंय. घर सोड."

तीनदा म्हणाला. आणि मग तसाच वाकून थांबला, ती उठते का बघत.