आधी काच काढा

मी शाळेत रुजू झालो त्या दिवशी पहिला तास संपेना. घंटाच झाली नाही. मुख्याध्यापक तरातरा चौथीच्या वर्गाकडे निघाले, मीही मागोमाग गेलो. कुसुम मगदूम बाई मुलांमध्ये जमिनीवर बसल्या होत्या. पुढ्यात वर्तमानपत्र अंथरलेले. त्यावर शाळेची विजेची घंटा, सुटी केलेली.

"बाई, तास कसा बदलायचा आता?"

"पोरं जोडाय लागल्यात की सर. वाजली की बदला."

मधल्या सुट्टीच्या थोडे आधी ती वाजली. वर्गात जो ओरडा झाला, तसा मी शाळेत पुन्हा फारसा ऐकला नाही.

बाई कुरुंदवाडच्या, शेती करणाऱ्या जैन घरातल्या. कोल्हापुरात शिकायला आल्या आणि इथेच शिक्षिका झाल्या. प्राथमिकच्या मुलांना त्यांनी विज्ञान हातांनी शिकवले. पुस्तकातली आकृती त्या फळ्यावर काढत नसत. ती वस्तू मुलांना करायला लावत. उत्तर मात्र सांगत नसत. मुले चिडत, पालक तक्रारी करत. बाई म्हणत, "मी सांगितलं तर ते माझं झालं. त्याचं काय ऱ्हायलं?"

एकदा तपासणीला साहेब आले. मुलांनी कागदाच्या सुरळ्यांचा पूल केला होता आणि त्यावर विटांचे तुकडे ठेवणे चालू होते. साहेब वाकून पाहत असतानाच पूल कोसळला.

"पडला की रे तुमचा पूल!"

"पडणारच की साहेब," एक मुलगी म्हणाली. "कुठनं मोडतोय त्येच बघाय लागलोय."

साहेब हसले नाहीत. शेरा आला : साहित्याची नासधूस. पुढच्या वर्षी संस्थेने बाईंकडून चौथी काढून घेतली आणि त्यांना पहिलीवर बसवले. बाईंनी पहिलीत तराजू नेला. आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी त्यांचे नाव संस्थेने कधीही पाठवले नाही. हे ज्या बैठकांत ठरत असे, त्यांत बसणाऱ्या काहींनी बाईंच्या या गौरवग्रंथात त्यांना 'संस्थेचे भूषण' म्हटले आहे. वाचकांनी ते लेखही जरूर वाचावेत.

माझी पत्नी आजारी होती तेव्हा बाईंनी न विचारता माझा वर्ग आपल्या वर्गाला जोडून घेतला. मी परतल्यावर आभार मानू लागलो. "आभार कसलं? तुमच्या वर्गाचं दार करकरत हुतं. पोरांना बिजागरी बघाय मिळाली." एवढेच बोलून त्या निघून गेल्या. दार आता वाजत नव्हते.

आता बाई पंच्याहत्तर वर्षांच्या झाल्या. या निमित्ताने संस्थेने शाळेत विज्ञान दालन उभारले असून त्याला बाईंचे नाव द्यायचे ठरले आहे. बाईंनी ते आधी बघून जावे म्हणून संस्थेच्या अध्यक्षांनी त्यांना बोलावले. मी सोबत होतो. पवनचक्की, पाणचक्की, क्रेन : सगळे तयार विकत आणलेले, सगळे काचेच्या कपाटांत. कपाटांना कुलपे. भिंतीवर 'हात लावू नये'. तिसरीची मुले हात पाठीमागे बांधून रांगेने चालली होती.

बाईंनी एका मुलीला थांबवले. "हे कसं चालतंय गं?"

"चालत न्हाय, आज्जी. नुसतं बघायचं असतंय."

बाई अध्यक्षांकडे वळल्या. "काच काढा. मग नाव लावा."

"मोडंल की ओ सगळं!"

"मोडू दे. पोरं जोडत्यात."

"बाई, सत्कार हाय तुमचा. भांडायला बोलवलंय व्हय आम्ही?"

"मग माझं नाव ऱ्हाऊ दे," बाई म्हणाल्या आणि चपला घालून निघाल्या.

हा लेख लिहीपर्यंत काच निघालेली नाही. नावाची पाटी मात्र तयार आहे. ती कागदात गुंडाळून कार्यालयात ठेवली आहे. अध्यक्ष म्हणतात, घाई नाही, बाई आज ना उद्या ऐकतील. मी इतकी वर्षे या संस्थेत काढली आहेत. दिवंगतांची नावे भिंतींवर लावताना इथे कोणाची परवानगी लागत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून माझी इच्छा साधी आहे. बाईंनी खूप जगावे. त्यांचे गुडघे, डोळे, आवाज धड राहावेत. दरवर्षी कोणीतरी ती पाटी घेऊन त्यांच्या दारी जावे, आणि दरवर्षी बाईंनी स्वतः दार उघडून नाही म्हणावे.