कोण आलं?

जमीन जराशी थरथरली की साहेब असतील तिथे उकिडवे बसायचे, तळहात मातीला टेकवायचे आणि दारात पाहुणा उभा असावा तसं विचारायचे, "कोण आलं?"

पाहिलाय का तुम्ही असा कुणी? मी पाहिला, सत्तर सालानंतर, अनसिंगजवळच्या दगडखाणीवर. मी तिथला मुकादम. सुरुंगाची वात पेटवायची ती मीच. साहेब भूकंपाचा अभ्यास करणारे. खाणीपलीकडच्या खोलीत त्यांचं यंत्र होतं, जमीन हलली की कागदावर रेघ काढणारं.

त्या रेघा घेऊन ते शहरात जायचे. तिथे खोलीएवढा कॉम्प्युटर होता म्हणे, आणि साहेब त्याला शिकवत होते: ही रेघ सुरुंगाची, ही रेल्वेची, ही खऱ्या भूकंपाची. म्हणून सुरुंग उडाला की धापा टाकत माझ्याकडे यायचे. "मुकादम, तुम्हीच ना?"

"आमीच. पन सायेब, यंतराले शाळेत कायले घालता?"

"अहो, एवढ्या रेघा माणसं किती वाचणार? ते शिकलं तर भूकंप चटकन ओळखेल."

हे सांगताना त्यांचा चहा हमखास गार व्हायचा. आम्ही हसायचो खरे, पण जीव होता आमचा त्यांच्यावर.

एका उन्हाळ्यात वरचे दोन साहेब जीप घेऊन आले, खोलीला कुलूप लावायलाच. त्यातले एक जण एक रेघ पुढे धरून म्हणाले, "याला तुमचा कॉम्प्युटर भूकंप म्हणतो. शेजारी खाण असताना! ढ आहे तुमचा विद्यार्थी."

साहेबांचा चेहरा उतरला. ती रेघ निघाली त्या दिवशी ते शहरात होते. सुरुंग उडाला की नाही, काय सांगणार? सगळी मेहनत मातीत चाललेली.

"कोनत्या दिवसाची हाय हो ते?" मी मधेच विचारलं.

"चौदा एप्रिल."

मला हसूच फुटलं. "अहो, जयंती व्हती ना त्या दिवशी! खान बंद. समदे निळे झेंडे घेऊन मिरवणुकीत. वात पेटवनारा मी, आन् मी तं सकाळपासून नाचून राह्यलो व्हतो. सुरुंग लावला कोनं?"

वरचे साहेब एकमेकांकडे बघायला लागले. आमच्या साहेबांनी माझा हात घट्ट धरला. "ओळखलं त्यानं! मुकादम, ओळखलं!" त्यांचे डोळे भरले होते. माझेही.

कुलूप जीपमधूनच परत गेलं. पुढे साहेबांना शहरात बोलावलं, देशभरच्या रेघा कॉम्प्युटरला शिकवायला. मी त्यांना एसटीवर सोडायला गेलो. गाडी हलली, तोच खाणीकडून धडाम झालं. माझ्या जागी जोडीदारानं वात लावली होती. साहेबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"कोण आलं?"

मी धुळीत गाडीमागे धावत ओरडलो, "आमीच, सायेब! आमीच आलो!"