‘येते’ म्हणणारा पोपट

चष्म्याच्या दुकानात कामाला असलेली ही बाई पळताना दिसली नाही तर ती आजारी असणार, असं तिची गावी राहणारी सासू म्हणायची, आणि तेही कौतुकानं. दिवसभर लोकांच्या नाकांवर चष्मे बसवायचे, कानामागच्या काड्या वाकवायच्या, सैल स्क्रू आवळायचे. घरी आलं की कुकर, कपडे, उद्याची तयारी. नवरा बस चालवायचा. त्याच्या पाळीचा काही नेम नव्हता.

या धावपळीत दहा वर्षांची एक मुलगी वाढत होती. शाळेतून आली की गळ्यातल्या किल्लीनं कुलूप उघडायची, झाकून ठेवलेलं खायची आणि आईची वाट बघत बसायची. कधी चकार शब्दानं तक्रार नाही. आईला तेच सलायचं. पोरगी रडली-भांडली असती तर समजूत तरी काढता आली असती! शेवटी तिनं ठरवलं, घरात बोलणारं कुणीतरी हवं. मोठा पोपट आणायचा.

“बघ हं,” नवरा म्हणाला, “पोपट आणायला जाशील आणि आपलाच पोपट होईल.”

“तुमचा तर लग्नातच झालाय,” ती म्हणाली आणि चपला घालून मुलीला घेऊन निघालीसुद्धा.

पक्ष्यांच्या दुकानात एक म्हातारे काका होते. त्यांच्या चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली बघून हिचे हात शिवशिवले, पण आज ती गिऱ्हाईक होती. कोपऱ्यातल्या मोठ्या पिंजऱ्यात राखी रंगाचा, लाल शेपटीचा ऐटबाज पोपट बसला होता. त्यानं मान वाकडी करून दोघींकडे पाहिलं आणि तो बाईमाणसाच्या स्वच्छ आवाजात म्हणाला, “येते हं!”

“अगं बाई, ऐकलंस? आपल्याबरोबर येते म्हणतेय!” आई हरखलीच. “मादी आहे ना हो काका?”

“छे, नर आहे.”

“मग ‘येते’ कसं म्हणतो?”

काकांनी पाण्याची वाटी भरून आत ठेवली. “आधी ज्यांच्याकडे होता ना, त्या बाईंचं आहे ते. माणसं चांगली होती, फार जीव होता त्यांचा याच्यावर. पण घरात सगळेच कामावर जाणारे. सकाळी बाई म्हणायच्या ‘येते हं’, की दार बंद. जे रोज कानावर पडलं तेच यानं उचललं. मोठा पोपट म्हणजे तान्हं मूल हो, ताई. सोबत नसली की स्वतःचीच पिसं उपटतो.”

तेव्हा कुठे तिला त्याची उघडी पडलेली छाती दिसली.

“येते हं!” पोपट पुन्हा म्हणाला आणि पाठोपाठ त्यानं कडी लागल्यासारखा खट्ट आवाज काढला.

“लवकर ये,” मुलगी बोलून गेली. रोज सकाळी बोलायची तसंच, त्याच सुरात, मान वर न करता.

पोपट गप्प झाला. मग एकेक पाऊल सरकत गजांपाशी आला आणि तिच्याकडे टक लावून बघत राहिला. याआधी त्याला कुणी उत्तर दिलंच नसावं.

तो सूर आईनं ओळखला. पण हार मानेल तर ती कसली! “नेऊया याला,” ती घाईघाईनं म्हणाली. “दुपारी तू असतेसच. तुला तो, त्याला तू.”

“आणि सकाळी? मी शाळेत गेल्यावर?”

“तेवढंच ना? राहील गं. होईल त्याला सवय.”

मुलीनं मान हलवली. “नाही होत गं सवय,” ती म्हणाली. “आपण फक्त सांगत नाही.”

काकांनी हळूच तोंड फिरवलं आणि विनाकारण दाण्यांची बरणी पुसायला घेतली. जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, तिलाच आपण काही विचारलं नव्हतं. दाराजवळच्या धान्याच्या पोत्यावर ती मटकन बसली आणि लेकीला तिनं जवळ ओढलं.

“मला सांग,” ती म्हणाली. “मी गेल्यावर काय काय होतं, सगळं सांग.”

मुलीनं आधी आईच्या मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. आईनं ते काढून पर्समध्ये टाकलं. मग पोरगी बोलायला लागली.